दिव्याखालचा अंधार

लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ साली वीज निर्माण केली व मुंबईच्या गिरण्या तीवर फिरू लागल्या. १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरीने तीत भर घातली. ज्या भूमीने महानगरास वीज पुरविली, त्या कर्जत-खालापुरात पावसाची पहिली सर येताच घरचा संगणक बंद करण्यासाठी धावपळ व्हावी, याला दिव्याखालचा अंधार नव्हे तर काय म्हणावे?

वीज गेली तर हातचे काम बुडते. बेबंद होऊन आली तर यंत्रच जळते. यूपीएस काम जतन करण्यापुरती मिनिटे देतो. सर्ज प्रोटेक्टर क्षणिक उसळी अडवितो, तीही अर्थिंग धड असेल तर. न्यूट्रल तार तुटून २३० व्होल्टच्या घरात चारशेच्या आसपास दाब शिरला, तर जादा दाबास प्रवाह तोडणारे साधनच हवे. आकाश गडगडू लागताच प्लग व इंटरनेटची तार काढून ठेवणे सर्वांत उत्तम. नागरिकांनी एवढे अवश्य करावे.

परंतु घरोघरच्या या तटबंदीने वितरण यंत्रणेची जबाबदारी संपत नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५७ सेवेचे दंडक मोडल्यास ग्राहकास भरपाईचा हक्क देते. जून २०२० च्या निसर्ग वादळासारखे संकट कोणाच्या हाती नसते; पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणे, सैल तारा ताणणे व रोहित्रांचे अर्थिंग तपासणे मात्र हातचे असते. ते वेळेवर व्हावे, आणि ग्राहकाने प्रत्येक बिघाड लेखी नोंदवावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मुकाट सोसणाऱ्याच्या हक्काची आठवण कोणासही राहत नाही.