पेन जोडू नका, पेन घडवा

पेन बनवण्याच्या धंद्यात उतरायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो किट मागवण्याचा. किटमध्ये पितळेच्या नळ्या, टोक, क्लिप, रिफिल असे सगळे तयार येते. कारागिराने लाकडाचा किंवा अॅक्रिलिकचा तुकडा नळीवर चिकटवायचा, लेथवर गोल करायचा, पॉलिश मारायचे आणि बाकीचे भाग दाबून बसवायचे. थोड्या दिवसांत हात बसतो. काम सोपे आणि माल दिसायला झकास. मग यात वाईट काय?

वाईट काही नाही. पण हा धंदा कारागिराचा नाही, जोडणाऱ्याचा आहे. पेनाची जाडी, लांबी, टोक, क्लिप सगळे किट ठरवते. तुम्ही आणले तेच किट शेजारचाही आणतो. दोघांच्या मालात फरक उरतो तो लाकडाच्या रंगाचा. मग गिऱ्हाईक टिकवायला भाव पाडावा लागतो, आणि भावाच्या या लढाईत किट विकणारा कधी हरत नाही. म्हणून ज्याच्या हाताला लेथची सवय आहे, त्याने किटच्या वाटेला जाऊ नये. त्याने सरळ रॉडपासून पेन घडवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रॉडपासून पेनापर्यंत

रॉड म्हणजे बहुधा एबोनाइटचा. रबरात भरपूर गंधक, साधारण तीस टक्के किंवा त्याहून जास्त, मिसळून तासन्‌तास तापवले की हा कडक माल तयार होतो. तो हलका असतो, हाताला गार लागत नाही आणि शाईने खराब होत नाही. मात्र उन्हात ठेवला तर काळा रंग तपकिरी पडतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

रॉडचे तीन तुकडे करायचे : एक नळीचा, एक टोपणाचा आणि एक बोटांनी धरायच्या भागाचा. प्रत्येक तुकडा चकमध्ये धरून आधी आतून ड्रिल करायचा, मग बोअरिंग, मग आटे. हत्यार बोथट असेल तर माल तापतो, गंधकाचा वास सुटतो आणि माप बिघडते. टोपणाची भिंत एक-दीड मिलिमीटरच राहते. तिथे हात जरा घसरला की तास-दोन तासांची मेहनत भंगारात जाते.

खरी परीक्षा आट्यांची. साधे एकेरी बारीक आटे पाडले तर टोपण काढायला पाच-सहा फेरे लागतात, आणि लिहिणारा माणूस वैतागतो. म्हणून चांगल्या पेनाला ट्रिपल स्टार्ट आटे पाडतात. एकाच वेळी तीन आटे चालतात आणि टोपण एक-दोन फेऱ्यांत निघते. निबेच्या घराचे आटेही वेगळेच. जर्मनीच्या योवो कंपनीच्या सहा नंबरच्या निबेला ७.४ मिलिमीटर जाडीचे, अर्ध्या मिलिमीटर पिचचे आटे लागतात. असा टॅप गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, तो मुद्दाम मागवावा किंवा बनवून घ्यावा लागतो. हीच अडचण आपल्या फायद्याची आहे. जे काम कोणालाही चटकन जमत नाही, त्याचाच भाव टिकतो.

निब विकत घेतली तर?

कोणी म्हणेल, निब बाहेरून आणली तर मग किटमध्ये आणि यात फरक काय? फरक आहे. निब बनवायला पत्रा दाबण्याची यंत्रे, टोकावर कठीण धातूचा बिंदू जोडण्याची सोय आणि चीर पाडण्याची अचूक करवत लागते. हे एका माणसाचे काम नाही. नावाजलेले छोटे पेनकारही योवो किंवा बॉक या जर्मन कंपन्यांची, नाहीतर कानपूरच्या कानराईटची निब वापरतात. शिवणारा सुई विकत घेतो म्हणून कपडा सुईवाल्याचा होत नाही. पेनाचे माप, वजन, आकार आणि शाई भरण्याची पद्धत तुम्ही ठरवली, तर पेन तुमचे.

शिवाय निब नुसती बसवून भागत नाही. दहाव्या शतकातील फातिमी खलिफा अल-मुइझ यांनी शाई आतच साठवणारा, हात न डागाळणारा कलम मागितल्याची हकीकत काझी अल-नुमान यांनी लिहून ठेवली आहे. कारागिराने थोड्याच दिवसांत सोन्याचा कलम करून आणला, पण त्यातून शाई जरा जास्त येत होती. खलिफांनी तो दुरुस्त करायला सांगितला आणि कारागिराने दुरुस्त करून दिला. हजार वर्षे झाली तरी या धंद्याचे शेवटचे काम तेच आहे. निब आणि तिच्या खालची जीभ नीट जुळवून शाई जास्तही नाही आणि कमीही नाही, अशी सोडायची. किट जोडणारा हे काम सहसा शिकत नाही. घडवणाऱ्याला ते यावेच लागते.

घेणार कोण?

पाच-दहा रुपयांत बॉलपेन मिळते, मग हजारांचे पेन कोण घेणार, हा प्रश्न रास्त आहे. १९३८ साली लाझ्लो बिरो यांनी बॉलपेनचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत शाईच्या पेनाचा मोठा बाजार गेला. तो परत येणार नाही. ज्याला लाखांच्या संख्येने माल विकायचा आहे, त्याने या धंद्यात पडू नये.

पण छोटा बाजार शिल्लक आहे आणि तो चोखंदळ आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनने १९३२ च्या सुमारास पेनाचे भाग परदेशातून न आणता इथेच घडवण्याचा ध्यास घेतला. त्यांचे पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोचले, आणि १९३५ साली वर्ध्याहून त्यांनी आभाराचे पत्र पाठवले. हैदराबादेत १९२८ साली सुरू झालेल्या डेक्कन पेन स्टोअर्सने स्वतःच्या नावाची एबोनाइटची पेने विकून नाव कमावले. तामिळनाडूत तिरुवळ्ळूरच्या रंगा पेनची हाताने खरादलेली पेने आज परदेशातले शौकीन मागवतात आणि एका पेनाला काही हजार रुपये मोजतात. यांपैकी कोणीही स्वस्तात विकून मोठा झाला नाही. गिऱ्हाईक बोटांच्या मापाने पेन बनवून मागते, आणि निब अडली तर तेच पेन दुरुस्तीला परत आणते. हे नाते किटच्या पेनाला मिळत नाही.

सुरुवात कशी करावी?

आपल्यापैकी अनेकांच्या कारखान्यात लेथ आहे. दिवसभर बुश आणि पिना काढून जॉबवर्कचे मोजके पैसे हाती येतात, आणि तो दरही दुसराच ठरवतो. अशा कारागिराने जॉबवर्क सोडू नये. आठवड्यातून एक दिवस पेनासाठी काढावा. आधी शाई थेट नळीत भरायचे, ड्रॉपरचे साधे पेन करावे. त्यात भाग कमी असतात आणि आटे घट्ट बसले, त्यांना थोडे सिलिकॉन ग्रीस लावले की शाई गळत नाही. पहिली दहा पेने विकू नयेत. रोज लिहिणाऱ्या माणसांना वापरायला द्यावीत आणि महिनाभराने तक्रारी ऐकाव्यात.

भाव ठरवताना वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : माल, वेळ आणि वाया गेलेले तुकडे. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग मेहनत करूनही हाती काही राहत नाही. पेनावर आपले नाव किंवा खूण जरूर कोरावी, आणि दुरुस्तीला नाही म्हणू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या संस्थांसाठी आणि ऐपत असलेल्या व्यापाऱ्यांसाठी. तरुणांना रोजगार म्हणून तयार किट वाटणे सोपे आहे, फोटोही चांगला येतो. पण किट संपले की रोजगार संपतो. त्याऐवजी दोन चांगले टॅप-डाय घेऊन द्यावेत, आणि ज्या उस्तादाच्या हातात अजून आटे पाडण्याचे कसब आहे, त्याच्याजवळ दोन शागीर्द वर्षभर बसवावेत. शागिर्दांना तेवढा काळ खर्चापुरते पैसे द्यावेत, म्हणजे ते मध्येच सोडून जाणार नाहीत. हे उस्ताद आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली आहेत. किट उद्याही विकत मिळेल, पण त्यांच्या हातचे हुन्नर ते हयात असतानाच शिकून घ्यावे लागेल.