मोतीबिंदू कोणाचा?

इंग्रजीतला 'कॅटरॅक्ट' हा शब्द लॅटिन 'काताराक्ता'वरून आला. मूळ ग्रीक शब्द पुल्लिंगी. अर्थ 'वरून कोसळणारा', म्हणून धबधबा. लॅटिनमध्ये तो स्त्रीलिंगी झाला. त्याचे षष्ठीचे एकवचन आणि प्रथमेचे अनेकवचन, दोन्ही 'काताराक्ताए'. पण प्राचीन रोमन लोक मोतीबिंदूला हा शब्द वापरत नसत. त्यांचा शब्द होता 'सुफ्फूसिओ', म्हणजे आत पसरलेला द्रव.

मग डोळ्यात धबधबा आला कुठून? अरबीतून. अरबीत लिहिणारे हकीम या आजाराला डोळ्यात उतरलेले पाणी म्हणत. युनानी वैद्यकात आजही 'नुज़ूल-उल-मा' हेच नाव आहे. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून इटलीतल्या माँते कासिनोच्या मठात आलेल्या कॉन्स्टंटाईनने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये नेले. 'काताराक्ता'चा नवा अर्थ त्याच्याच भाषांतरांतून रुजला, असे मानले जाते.

हे वाचून आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, 'बघा, युरोपला सगळे आपणच शिकवले!' अभिमान जरूर असावा. पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याचे वर्णन हजार वर्षांपूर्वी अम्मार अल-मौसिलीने केले आहे. पण पाणी उतरण्याची कल्पना अरबांनी ग्रीकांकडून घेतली होती, आणि ग्रीक वैद्यक अरबीत आणणाऱ्यांचा अग्रणी, बगदादचा हुनैन इब्न इसहाक, ख्रिस्ती होता. शिवाय ती कल्पनाच चुकीची होती. पाणी उतरत नाही, डोळ्यातले भिंगच गढूळ होते. हे युरोपात अठराव्या शतकात सिद्ध झाले. शब्द मात्र टिकला.

दुसरीकडे मराठीतून अरबी-फारसी शब्द निवडून काढू पाहणारे आहेत. त्यांनी उर्दूकडे पाहावे. उर्दू बोलणारी दादी 'मोतियाबिंद' म्हणते. त्यातले 'मोती' आणि 'बिंदू' दोन्ही संस्कृतातून आलेले, पण म्हणून तो शब्द घराबाहेर काढावा असे कोणाला वाटत नाही.

भाषा शिकवताना आपण लिंग-वचन पाठ करून घेतो, शब्दाचा प्रवास सांगत नाही. 'किताब' अरबीत पुल्लिंगी, उर्दूत स्त्रीलिंगी.  ही ओळ फळ्यावर लिहिली, तर कोणती भाषा कोणत्या धर्माची हा वाद मुलांना शिकवावा लागणार नाही आणि मोठ्यांकडून ऐकला तरी पटणार नाही.