बाहेरून दर्शन

उन्हाळ्याच्या सुट्टीत विलायतेची वारी करून येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या गावातून वकिलांचे कुटुंब जाऊन आले, पेढीवाले जाऊन आले, आणि गेल्या मे महिन्यात प्रॉव्हिडंट फंडाला हात घालून आम्ही मास्तरही सौभाग्यवती आणि नववीतल्या कन्येसह जाऊन आलो. आल्यावर रीतीप्रमाणे चॉकलेटे वाटली, फोटो दाखवले आणि ‘काय हो ते रस्ते, किती स्वच्छ!’ हे ठरीव वाक्यही म्हणून झाले. ते म्हणताना मनाला जी टोचणी लागली, ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. लाडवात खडा लागला तर क्षमा असावी.

आमचा आरोप असा आहे : आपली कुटुंबे इंग्लंडला जातात, पण इंग्लंड पाहत नाहीत. ती यादी पाहतात. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक शब्दप्रयोग पानोपानी छापलेला होता : ‘बाहेरून दर्शन’. राजवाड्याचे बाहेरून दर्शन, पार्लमेंटचे बाहेरून दर्शन, ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांचे बाहेरून दर्शन! बस थांबायची, मंडळी उतरायची, इमारतीकडे पाठ करून उभी राहायची, फोटो निघायचा, बस सुटायची. इमारतीकडे पाठ करणे यालाच पाहणे म्हणायचे असेल तर आमचे म्हणणे संपलेच. न्याहारीला पोहे आणि रात्री वरणभात मिळत असे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पोट मराठी असले म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधावी लागते असे थोडेच आहे?

एकाच ठिकाणी मंडळी खरोखर आत शिरली : लंडनचा टॉवर. कारण तिथे कोहिनूर! तास-सव्वा तास रांगेत उभे राहिल्यावर आम्ही मुकुटांच्या दालनात आलो. तिथे पायांखालची जमीनच सरकत असते. माणसाने रेंगाळू नये म्हणून सरकता पट्टा बसवलेला आहे. 1937 साली राणी एलिझाबेथच्या, म्हणजे परवापरवाच्या राणीच्या आईच्या, राज्यारोहणासाठी घडवलेल्या मुकुटात तो 105 कॅरटांचा हिरा चमकला, आणि पट्ट्याने आम्हांला पुढे नेले. ‘आपला हिरा! चोरांनी नेला!’ असा उद्गार आमच्या मंडळींतून उठला, आणि तो खोटा नव्हता. 1849 मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंहाकडून तहाच्या नावाखाली घेतलेल्या वस्तूला दुसरा शब्द आम्हांलाही सुचत नाही. पण हा संताप बसच्या दारापर्यंतसुद्धा टिकला नाही. दारात आइस्क्रीमची गाडी होती.

दुसऱ्या दिवशी स्ट्रॅटफर्ड. शेक्सपिअरच्या जन्मघराचे अर्थात बाहेरून दर्शन. वेळ पंचेचाळीस मिनिटे. मंडळी चहाच्या शोधात पांगली. कन्या म्हणाली, “बाबा, एवढ्या लांब आलो आणि आत नाही जायचं?” तिकिटे काढून आम्ही आत गेलो. घर साधे, लाकडी वाशांचे. बाप हातमोजे करणारा. त्याची कामाची खोली तशीच मांडून ठेवली आहे. तिथल्या एका वृद्ध बाईने आमचे मॅट्रिकपुरते इंग्रजी सांभाळून घेत हकीकत सांगितली. 1847 साली हे घर लिलावात निघाले. बार्नम नावाचा अमेरिकन तमाशेवाला ते उचलून समुद्रापार नेणार, अशी बोलवा उठली. तेव्हा लोकांनी वर्गणी जमवली आणि 3000 पौंडांना घर राखले. सरकारची वाट पाहत ते बसले नाहीत.

पुढे 1895 मध्ये तिकडे नॅशनल ट्रस्ट निघाला. त्याने विकत घेतलेली पहिली इमारत राजवाडा नव्हती. आल्फ्रिस्टन गावातले गवती छपराचे एक मोडकळीला आलेले जुने घर होते. किंमत 10 पौंड! वाचकहो, इंग्लंडात पाहण्यासारखे काही असेल तर ते हे आहे : गवती छपराचे घरही राखण्याजोगे असते, ही समजूत. रस्त्यांची स्वच्छता तिच्यामागून येते.

बाहेर पडता पडता कन्येने विचारले, “बाबा, आपल्या केशवसुतांचं घर कुठं आहे?”

“मालगुंडला. गणपतीपुळ्याच्या शेजारी.”

“मग आपण गणपतीपुळ्याला इतक्यांदा गेलो, तेव्हा का नाही गेलो?”

आम्ही उशिरा बसपाशी पोचलो. सहलप्रमुखाची बोलणी खाल्ली. ती गोड लागली, कारण मुलीच्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा ती सोपी होती. वीस वर्षे आम्ही वर्गात केशवसुत शिकवतो. तो आमच्यासारखाच मॅट्रिक झालेला शाळामास्तर. 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेला. आणि त्याच्या घराचे आम्ही बाहेरूनसुद्धा दर्शन घेतलेले नव्हते! कोहिनूर इंग्रजांनी नेला, कबूल. मालगुंडचे घर कुणी नेले होते?

कुणी म्हणेल, ‘मास्तर, सुट्टी मौजेची असते, तिथेही शाळा कसली भरवता?’ आमचा उलट सवाल आहे : पळत सुटण्यात कसली मौज? दुसरे कुणी म्हणेल, ‘त्यांच्यापाशी लुटीचा पैसा होता, म्हणून त्यांनी जपले.’ लुटीचा पैसा होता, यात शंका नाही. पण गवती घराला लागले ते 10 पौंड, आणि मालगुंडला जायला आम्हांला लागणार होते एस. टी. चे तिकीट. पैशाचे नाव सांगून आपण आळस लपवतो.

आणि खुद्द लंडनात? 10 किंग हेन्रीज रोड या घरात 1921-22 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन त्याचे स्मारक केले. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मेणाचे पुतळे होते. हे घर नव्हते. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत, आणि ती पाहायला पैसा पडत नाही; तेही नव्हते. सहलवाल्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते तर गिऱ्हाईक मागेल तो माल ठेवणार. आमच्या बसमधल्या चाळीस जणांपैकी एकानेही हे घर मागितले नाही. त्या चाळिसांत आम्हीही होतो.

म्हणून सांगतो : विलायतेला जरूर जा, मुलांना घेऊन जा. मात्र निघण्यापूर्वी यादीतल्या निम्म्या ठिकाणांवर काट मारा आणि उरलेल्या ठिकाणी आत शिरा. त्याच्याही आधी, ज्याच्या ओळी मुलांकडून पाठ करून घेता, त्याचे घर त्यांना एकदा दाखवा.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही मालगुंडला गेलो. कोकण मराठी साहित्य परिषदेने 1994 मध्ये त्या घराचे स्मारक केले आहे. म्हणजे ज्यांना राखायचे होते त्यांनी इथेही राखलेच होते. कन्या चपला काढून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्हीही तिला हाक मारली नाही.