जुनी डिझेल गाडी काढली की दिवसाला साडेबारा पौंड. लंडनचा ‘यूलेझ’ नेमका आहे काय?

२००६ची पेट्रोल कार लंडनमध्ये सहसा फुकट फिरते. २०१४ची डिझेल कार रस्त्यावर आणली, तर मात्र बहुतेक वेळा दिवसाला १२.५० पौंड, म्हणजे सव्वा हजार रुपयांहून जास्त मोजावे लागतात. उलटा वाटणारा हा नियम ‘यूलेझ’चा, म्हणजे अल्ट्रा लो एमिशन झोनचा आहे.

पैसे कोणाला भरावे लागतात?

इथे गाडीच्या वयापेक्षा तिच्या धुराला महत्त्व आहे. पेट्रोल गाडी ‘युरो ४’ आणि डिझेल गाडी ‘युरो ६’ मानकात बसली, की शुल्क लागत नाही. डिझेलसाठी नियम कडक आहे, कारण जुन्या डिझेल इंजिनातून नायट्रोजन ऑक्साइड जास्त बाहेर पडतात. हे वायू फुप्फुसांना त्रास देतात.

वसुली कशी होते?

टोलनाका नाही. कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि गाडीच्या नोंदीशी ताडून पाहतात. मुदतीत पैसे भरले नाहीत, तर १८० पौंड दंड होतो. १४ दिवसांत भरल्यास तो निम्मा होतो. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात. त्यामुळे रात्रपाळीला रात्री दहाला जाऊन सकाळी परतणाऱ्याला दोन दिवसांचे पैसे पडतात. गाडी दिवसभर उभीच असेल, तर काही नाही.

२००३ पासून मध्य लंडनमध्ये असलेला कंजेशन चार्ज वेगळा. तो गर्दी कमी करण्यासाठी आहे, हा धूर कमी करण्यासाठी.

मग वाद कशावरून पेटला?

यूलेझ एप्रिल २०१९ मध्ये फक्त मध्य लंडनमध्ये सुरू झाला. २०२१ मध्ये त्याची हद्द वाढली आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सर्व बरोंमध्ये लागू झाला. बाहेरच्या भागात मेट्रो-बसची सोय मध्य लंडनइतकी दाट नाही, तिथे गाडीवाचून अडतं. त्यात २००१ पासून ब्रिटनमधला वाहनकर कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला आणि डिझेल गाड्या फायद्याच्या ठरल्या. सरकारी धोरण पाहून डिझेल घेतलेल्यांनाच आता भुर्दंड का, हा सवाल चुकीचा नव्हता.

जुलै २०२३ मधल्या अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत हाच मुद्दा गाजला आणि मजूर पक्ष ४९५ मतांनी हरला. काही ठिकाणी कॅमेरे तोडले गेले. जुनी कार मोडीत काढणाऱ्यांना २,००० पौंडांपर्यंत मदत देण्यात आली. पण ती लंडनकरांपुरतीच. शेजारच्या सरे किंवा केंटमधून कामाला येणाऱ्यांना ती नव्हती.

दुसऱ्या बाजूला काय होतं?

दक्षिण-पूर्व लंडनमधल्या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी ९ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ मध्ये दगावली. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं.

उपयोग झाला का?

महापौर कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालानुसार, यूलेझ नसता तर रस्त्यालगत जितका नायट्रोजन डायऑक्साइड असता, त्यापेक्षा तो २७ टक्के कमी आहे. पण ब्रेक आणि टायर झिजून उडणारे बारीक कण यामुळे थांबत नाहीत. ते इलेक्ट्रिक गाडीतूनही उडतात.

लोक गाड्या बदलतात तशी वसुली घटते. योजनेचा हेतूच तो आहे. म्हणून तिजोरीत किती आले, यावरून तिचं यश मोजता येत नाही. हवा किती सुधारली आणि गाडी बदलण्याचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, हे दोन्ही बघावं लागतं. असं शुल्क आणणाऱ्या कुठल्याही शहराला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅमेरे बसवण्याआधीच द्यावं लागेल.