तार घरात आली, पण कुलूप कोण लावणार?

दौलताबाद : मागच्या दिवाळीत आमच्या घरचं नेट एकदम मंद झालं. पीकविम्याची पावती उघडायला दहा-दहा मिनिटं लागायची. कंपनीला फोन केला तर म्हणाले, "लाइन ओके आहे, तुमच्याकडंच कोणीतरी जास्त वापरतंय." पोरानं राउटरची सेटिंग उघडून यादी काढली. घरात माझा, बायकोचा, पोराचा असे तीन मोबाईल आणि एक टीव्ही. म्हणजे चार. यादीत दिसले अकरा.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. कनेक्शन जोडायला आलेला पोरगा म्हणाला होता, "काका, तुमचा मोबाईल नंबरच पासवर्ड ठेवतो. ध्यानात राहील." मीही म्हणलं, ठेव बाबा. आता बातम्या पाठवणारा माणूस मी, माझा नंबर अर्ध्या तालुक्याकडं आहे. सात जणांपैकी पाच शेजारपाजारचे निघाले. दोघं कोण होते, ते आजही कळलं नाही.

नेट मंद झालं एवढ्यावर हे थांबलं असतं तर लिहायची गरज नव्हती. पण कनेक्शन माझ्या नावावर आहे. आधार मी दिलंय, सही माझी आहे. त्या दोन अनोळखी मोबाईलवरून काही वाईट घडलं असतं, तर पोलीस कोणाच्या दारात आले असते?

सानपाड्यात काय झालं होतं

हे काही मनाचे खेळ नाहीत. आपल्याच राज्यात हे घडलंय. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. तपास यंत्रणेनं माग काढला तर तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये पोहोचला. तिथं एक अमेरिकी गृहस्थ राहत होते. त्यांची चौकशी झाली, कॉम्प्युटर ताब्यात घेतले गेले. शेवटी उघड झालं की त्यांचं वायफाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कोणीतरी त्यातून मेल पाठवला होता.

त्यानंतर महिन्याभरात मुंबईतल्या एका कॉलेजच्या आणि पुढं चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायचा असाच वापर झाला. मग २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

यातून एक गोष्ट समजून घ्या. इंटरनेटवर केलेल्या प्रत्येक कामाचा माग आधी कनेक्शनपर्यंत जातो, माणसापर्यंत नाही. कनेक्शनचा मालक निर्दोष असला तरी तो सिद्ध होईपर्यंतची फरफट त्याच्याच वाट्याला येते. शहरातल्या माणसाला वकील गाठायला वेळ लागत नाही. आपल्याला तालुक्याच्या ठाण्यात चार चकरा म्हणजे चार दिवसांची मजुरी.

दुसरा पासवर्ड, जो कोणी बदलत नाही

राउटरला दोन कुलपं असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. एक वायफायचा पासवर्ड. तो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा सेटिंगचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड. पहिला म्हणजे फाटकाची चावी, दुसरा म्हणजे घरातल्या सगळ्या चाव्यांचा जुडगा. तो बऱ्याच राउटरवर कारखान्यातून येतो तसाच राहतो. नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'.

जुलै २०१७ मध्ये याच कारणानं बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पडले होते. ज्यांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता, त्यांच्या मोडेममध्ये व्हायरस घुसला. शेवटी कंपनीला सांगावं लागलं, पासवर्ड बदला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, 'मिराई' नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तो बनवणारी अमेरिकेतली विशीतली पोरं होती. त्यांनी फार मोठी अक्कल लढवली नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी केली आणि एकेक लावून पाहिला. लोकांनी बदललेच नव्हते, म्हणून ते लागले.

ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्या हातात, तो तुमचं नेट कुठंही वळवू शकतो. तुम्ही एका साइटचा पत्ता टाकाल आणि समोर तशीच दिसणारी खोटी साइट उघडेल. उगाच भीतीही घालत नाही. बँकेच्या ॲपमधला व्यवहार आतून कुलूपबंद असतो. शेजारी तुमच्या वायफायवर आहे म्हणून त्याला तुमचा पिन दिसत नाही. पण चाव्यांचा जुडगा उंबऱ्यावर ठेवून झोपायचं कशाला?

जबाबदारी कोणाची?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली. पुढं तिला भारतनेट नाव मिळालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. खासगी कंपन्या आणि केबलवाले आहेतच. तार येतेय, चांगलंच आहे. पण जोडणारा पोरगा दिवसाला ठरलेली कनेक्शनं पुरी करायच्या घाईत असतो. त्याला पासवर्ड समजावून सांगायचे पैसे कोणी देत नाही. कंपनीचा कागद इंग्रजीत. ग्रामपंचायतीला वाटतं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मग कुलूप लावायचं काम राहतं ते कोणाचंच नाही.

मागणी साधी आहे. जोडणाऱ्यानं ग्राहकाच्या समोर दोन्ही पासवर्ड बदलून द्यावेत आणि एक मराठी कागद हातात द्यावा. हे ग्रामसभेत मांडता येतं, गावात कनेक्शन देणाऱ्याला तिथं बोलावता येतं. तोवर आपलं आपल्याला करावं लागेल.

आज संध्याकाळी करता येईल असं

१. राउटर उलटा करा. खालच्या लेबलवर वायफायचं नाव, पासवर्ड आणि सेटिंगचा पत्ता असतो. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ असा असतो. लेबलचा फोटो काढून ठेवा, पण तो ग्रुपवर टाकू नका.

२. मोबाईल वायफायला जोडून क्रोममध्ये तो पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. आत गेल्यावर आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. कंपनीनं तो आपल्याकडं ठेवला असेल तर ऑपरेटरला बोलावून समोर बदलून घ्या.

३. वायफायचा पासवर्ड किमान बारा अक्षरी ठेवा. मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, लेकराचं नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि मध्ये आकडे घ्या. वहीत लिहून कपाटात ठेवा, त्यात काही चूक नाही.

४. सिक्युरिटीच्या जागी 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' निवडा. 'ओपन' किंवा 'डब्ल्यूईपी' असेल तर कुलूप नसल्यासारखंच आहे.

५. 'डब्ल्यूपीएस' आणि 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. घरच्या वापराला दोन्हींची गरज पडत नाही.

६. महिन्यातून एकदा जोडलेल्या मोबाईलची यादी बघा. राउटरचं अपडेट आलंय का, तेही विचारा.

एक सावधगिरी. राउटरच्या मागं टाचणीनं दाबायचं 'रीसेट'चं बारीक छिद्र असतं. फायबरच्या राउटरवर ते दाबलं तर कंपनीची सेटिंगही पुसली जाऊ शकते आणि ऑपरेटर येईपर्यंत नेट बंद. उगाच दाबू नका.

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. पत्र्याच्या आडोशाला, फ्रिजमागं किंवा लोखंडी कपाटात ठेवला तर रेंज मरते. दगडी भिंतीचं घर असेल तर '२.४' चं नेटवर्क वापरा, ते लांब जातं. '५' वेगवान असतं, पण पुढच्या खोलीतच दमतं. विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर बोर्डातून काढा.

शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

खरी अडचण इथं आहे. गावात वायफाय मागणं म्हणजे तांब्याभर पाणी मागितल्यासारखं झालंय. माझ्या यादीतल्या पाचांपैकी एक बारावीची पोरगी होती. तिचे क्लास मोबाईलवर असतात. तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

त्यावरही सोय आहे. बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. पाहुणा त्यावर येतो, घरच्या मोबाईल-टीव्हीपर्यंत पोहोचत नाही. मी त्या पोरीला तेच दिलंय आणि त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलतो. पण गेस्टवर झालेल्या कामाचा मागही माझ्याच नावापर्यंत येतो. म्हणून ज्याला ओळखता, त्यालाच द्या.

राउटरला कुलूप लावलं म्हणजे सगळी फसवणूक थांबली, असंही नाही. व्हॉट्सॲपवर येणारी पीएम किसानची किंवा चलनाची खोटी ॲप फाइल उघडली तर पैसे जाणारच. तसं झालं तर लगेच १९३० ला फोन करा.

घरामागं देवगिरीचा किल्ला रोज दिसतो. खंदक, अंधारी, एकच वाट, सगळी तयारी होती. तरी जुनी माणसं सांगतात, १२९६ मध्ये खिलजीनं वेढा घातला तेव्हा धान्य म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली. पोती आधी कोणी उघडून बघितली नव्हती. आपण निदान राउटर उलटा करून बघू.