तेल खाणारे जिवाणू आणि आपली विहीर



पाचट कुजविताना दर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धक टाका, असे आम्ही गटागटांत सांगत असतो. जमिनीत सांडलेल्या तेलाचे शास्त्रही याच जातीचे आहे.

डिझेल, इंजिन ऑइल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. ते खाऊन जगणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. 'टेरी' या संस्थेने असे निवडक जिवाणू वाढवून, मक्याच्या बुरकुंडाच्या भुकटीत मिसळून 'ऑइलझॅपर' तयार केले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजे धडकून तेल किनाऱ्याला लागले, तेव्हा ते तिथे वापरले गेले. अलास्कात १९८९ साली 'एक्झॉन वाल्डेझ' जहाजाचे तेल सांडले, तेव्हा तर किनाऱ्यावर नत्र-स्फुरदाची खते टाकून तिथल्याच जिवाणूंना जोर दिला.

म्हणून काही सभासद विचारतात, "साहेब, ती पावडर आपल्याकडे कधी येणार?" आमचे मत असे, की पावडरीची वाट बघत बसू नये. डिझेल सांडलेली थोडी माती असेल तर ती विहिरीपासून लांब, जाड प्लॅस्टिकवर पसरावी. शेणखत, थोडा युरिया व सुपर मिसळून ओल धरावी, वरचेवर चाळावी, पावसात झाकावी. हवा, ओल आणि नत्र मिळाले की जिवाणू कामाला लागतात. पण हे काम महिन्यांचे आहे, आणि वास गेला म्हणजे माती शुद्ध झाली असे नाही. ती पुन्हा पिकात टाकू नये.

जळक्या ऑइलची गोष्ट वेगळी. त्यातले जस्त, शिसे यांसारखे धातू कोणताही जिवाणू खाऊन संपवीत नाही. तेल खोल झिरपले तर तिथे हवा कमी, म्हणून कामही मंद. आणि आपण काय करतो? ट्रॅक्टरचे ऑइल बदलले की बांधावर नाहीतर चारीत ओतून मोकळे! "एवढ्याशानं काय होतंय?" पण नीरा डाव्या कालव्यापासून उजनीच्या फुगवट्यापर्यंत ट्रॅक्टर किती आहेत, ते मोजून बघा. पाणी सगळ्यांचे एकच आहे.

जळके ऑइल डब्यात साठवावे, हे सभासदांचे काम. प्रत्येक गट कार्यालयात त्यासाठी टाकी ठेवून ते परवानाधारक शुद्धीकरण केंद्राकडे पाठवणे हे कारखान्याचे काम. येत्या गाळप हंगामात याची सुरुवात कारखान्याच्या वाहनतळापासूनच व्हावी, असे आम्हांस वाटते.

— ऊस विकास अधिकारी