खंदक हाही किल्लाच

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत डोंगरी किल्ले आहेत, जलदुर्ग आहेत. सपाटीवरचा भुईकोट मात्र एकही नाही. त्या निवडीबद्दल तक्रार नाही. पण किल्ला म्हटला की आपल्याला डोंगरच आठवतो आणि त्याची किंमत भुईकोट मोजतात, सर्वांत जास्त त्यांचे खंदक. तटाची निदान डागडुजी होते. खंदक मात्र तटाबाहेरची पडीक जागा ठरतो.

डोंगरी किल्ल्याला कडा असतो, भुईकोटाचा कडा म्हणजे खंदक. १६६० मध्ये चाकणच्या संग्रामदुर्ग या भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाची अफाट फौज जवळजवळ दोन महिने थोपवून धरली. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हा कुठे वाट झाली. नगरच्या भुईकोटाच्या १५९५-९६ च्या वेढ्यातही त्यांनी सुरुंगच लावले आणि पडलेले खिंडार चांदबिबीने रातोरात बुजवून घेतले. शत्रूला जमिनीखालून का यावे लागले, हे खंदकाच्या काठावर उभे राहिल्यावरच उमगते. सोलापूरच्या भुईकोटाला एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आणि बाकीच्या बाजूंना खंदक, अशी सगळी मिळून एकच रचना आहे. त्यातला खंदक बुजवला, तर मागे नुसते उंच कुंपण उरेल.

खंदकात सांडपाणी तुंबते, डास होतात, मग तो बुजवून बाग का करू नये, असे विचारले जाते. त्रास खरा आहे. पण गावाची गटारे खंदकात सोडली ती माणसांनीच, आणि ती वळवणे पालिकेचे काम आहे. खंदक पाण्याने भरलेलाच हवा असेही नाही. कोरडा असला तरी चालेल, त्याची खोली आणि बाहेरची कड शाबूत हवी. राहिला खर्चाचा आक्षेप. पण जपलेला खंदकच लोकांना खेचून आणतो. आपल्याकडे १९०४ चा प्राचीन स्मारक कायदा आणणाऱ्या लॉर्ड कर्झनने (त्याच्याविषयी प्रेम वाटण्याचे आपल्याला कारण नाही) पुढे इंग्लंडातला चौदाव्या शतकातला बोडियम किल्ला विकत घेतला. तट दुरुस्त करतानाच त्याने खंदकही उपसून काढला. १९२५ मध्ये त्याच्या मृत्युपत्राने किल्ला नॅशनल ट्रस्टकडे गेला. आत पडक्या भिंतीच आहेत. तरी लोक लोटतात, ते पाण्यात उभा असलेला तट पाहायला.

केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि ते अंतर संरक्षित हद्दीपासून मोजतात. म्हणून केंद्र आणि राज्य, दोन्ही पुरातत्त्व खात्यांनी प्रत्येक भुईकोटाच्या खंदकाची मोजणी करावी आणि जिथे तो हद्दीबाहेर राहिला असेल, तिथे भराव पडण्याआधी आत घ्यावा.